"आश्रय दिला" म्हणजे नेमकं काय दिलं? असल्या बातम्या वाचायची माझी पद्धत

बांगलादेशातून निघून भारतात आलेल्या माजी पंतप्रधान शेख हसीनांचा विषय निघाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते देऊन टाका ढाक्याला, दुसरी म्हणते दारात आलेल्याला असं हाकलत नाहीत, आणि मी मधेच विचारतो की बाबांनो भारताने त्यांना नेमकं दिलंय काय, असायलम (म्हणजे अधिकृत राजकीय आश्रय) दिलाय, व्हिसा दिलाय की नुसतं राहायला घर दिलंय, तर सगळे गप्प, आणि मामा फुलांचा फोटो टाकून विषय संपवतात. दोष त्यांचा नाहीये. "आश्रय दिला" हे दोन शब्द इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात की गोंधळ होणारच. मी काही वकील नाही, पण असल्या बातम्यांची कात्रणं ठेवायचा जुना नाद आहे, त्यातून एक पद्धत बसलीये, ती इथे लिहितो.

आधी पाय कुठे आहेत ते बघा

नेता चांगला की वाईट, सरकार हुकूमशहा की लोकशाही, हे सगळं नंतर. आधी एवढंच बघायचं की त्या माणसाचे पाय आत्ता कुठल्या जमिनीवर आहेत. एक तर तो सीमा ओलांडून दुसऱ्या देशात पोचलाय, किंवा अजून स्वतःच्याच देशात आहे पण दुसऱ्या कोणाच्या एम्बसीत जाऊन बसलाय, किंवा मधेच कुठेतरी लटकलाय, बोटीवर, विमानात, धक्क्यावर. तिन्हीचे नियम वेगळे आणि भांडणंही वेगळी.

तिसऱ्या प्रकारातली जगात गाजलेली केस तर आपल्या घरातलीच आहे. सावरकरांची मार्सेलिसची उडी शाळेत सगळ्यांनी वाचलीये, पण उडीनंतर काय झालं हे विचारा, बहुतेकांची गाडी थेट अंदमानला पोचते. ८ जुलै १९१० ला सकाळी मोरिया बोटीतून ते निसटले, पोहत धक्क्यावर गेले, म्हणजे पाय फ्रान्सच्या जमिनीला लागले. तिथे फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं, दुसऱ्या दिवशी बोट निघून पण गेली. मग फ्रान्समध्ये ओरडा झाला की आपल्या जमिनीवर आलेल्या राजकीय माणसाला असं उचलून कसं दिलं, प्रत्यार्पणाची रीतसर पद्धत नको का, आणि ते भांडण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला. लवाद म्हणाला की फ्रेंच पोलिसाने त्यांना ताब्यात दिलं ते नियमाला धरून नव्हतं हे खरं, पण ब्रिटनने फसवणूक केली नाही, जबरदस्ती केली नाही, त्यामुळे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. आणि गंमत बघा, हा निकाल यायच्या आधीच मुंबईत दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, एक डिसेंबर १९१० मध्ये आणि दुसरी जानेवारी १९११ मध्ये.

यातून माझा पहिला नियम: कोर्टात काय चाललंय त्यापेक्षा माणूस आत्ता कोणाच्या हातात आहे हे जास्त महत्त्वाचं. ज्याच्या ताब्यात माणूस, त्याला घाई नसते.

एम्बसी म्हणजे परदेशाची जमीन नाही

हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या बातम्या आपोआप कळतात. लोकांना वाटतं दिल्लीतली अमेरिकन एम्बसी म्हणजे अमेरिका. नाही हो. जमीन भारताचीच आहे, फक्त परवानगीशिवाय आपल्या पोलिसांना आत पाय टाकता येत नाही, एवढंच. हे १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं २२ वं कलम. त्याच कराराचं ४१ वं कलम सांगतं की परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांनी यजमान देशाच्या अंतर्गत भानगडीत पडू नये. आता ज्याच्यावर वॉरंट आहे अशा विरोधी नेत्याला तुम्ही चहा देऊन बसवलंत तर भानगडीत पडलात की नाही? अख्खं भांडण या दोन कलमांच्या मधल्या फटीत होतं, आणि एम्बसीत आश्रय द्यायचा की नाही याबद्दल व्हिएन्ना करार एक अक्षर बोलत नाही.

त्यामुळे एम्बसीत शिरणं सोपं असतं, खरी मारामारी बाहेर पडायची. गेटपासून एअरपोर्टपर्यंतचा रस्ता यजमान देशाचा, तिथे गाडी निघाली की पोलीस उभेच. म्हणून यजमान सरकारकडून सेफ कंडक्ट लागतो, म्हणजे या माणसाला हात लावणार नाही, जाऊ देतो, असा लेखी परवाना. बातमीत "आश्रय मंजूर" असं दिसलं की मी लगेच खाली बघतो, सेफ कंडक्ट मिळालाय का? नसेल तर काहीही मंजूर झालेलं नाही, माणूस फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलाय.

शब्द नीट बघा: असायलम, रेफ्युज, मदत

हे शिकायला मालदीवची केस बेस्ट. १३ फेब्रुवारी २०१३, माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हाचे विरोधी नेते मोहम्मद नशीद माले शहरातल्या भारतीय हाय कमिशनमध्ये जाऊन बसले (कॉमनवेल्थ देशांमध्ये एकमेकांच्या एम्बसीला हाय कमिशन म्हणतात, बाकी काही फरक नाही). राष्ट्राध्यक्ष असताना एका न्यायाधीशाला अटक करवली म्हणून त्यांच्यावर खटला होता, कोर्टात हजर करा असं वॉरंट निघालं होतं, आणि सप्टेंबरमध्ये निवडणूक होती, म्हणजे शिक्षा झाली असती तर उमेदवारीच गेली असती. त्या वेळी तिथे आपले हाय कमिशनर होते ज्ञानेश्वर मुळे, हो तेच, कोल्हापूरकडचे, मराठीत लिहिणारे. आणि काळ असा की जेमतेम दोन-अडीच महिन्यांपूर्वी मालदीव सरकारने जीएमआर या भारतीय कंपनीचं विमानतळाचं कंत्राट रद्द केलेलं, संबंध आधीच नासलेले, त्यात हा पाहुणा घरात.

आता शब्द बघा. नशीद स्वतः म्हणाले, मी रेफ्युज, म्हणजे आसरा, घेतलाय. दिल्ली म्हणाली, त्यांनी मदत मागितलीये. असायलम हा शब्द भारत सरकारने तोंडातून काढलाच नाही. का? कारण एकदा असायलम म्हटलं की तुम्ही त्या देशाच्या कोर्टाला खोटं ठरवलंत, आणि मग सेफ कंडक्ट मागा, तो नाकारला जाणार, आणि वर्षानुवर्षं एक माणूस तुमच्या गेस्ट रूममध्ये. "मदत" म्हटलं की दार दोन्ही बाजूंनी उघडं राहतं. बाहेर बॅरिकेड, आत बोलणी, दिल्लीहून अधिकारी येऊन गेले, आणि २३ फेब्रुवारीला नशीद स्वतःच्या पायांनी बाहेर पडले. मार्चच्या सुरुवातीला पोलिसांनी त्यांना उचललंच, पण सोडलं, आणि निवडणूक ते लढले. माझ्या मते त्या अकरा दिवसांत दिल्लीने शब्द जपून वापरले म्हणूनच निभावलं. खरा कागदोपत्री असायलम त्यांना पुढे २०१६ मध्ये ब्रिटनने दिला, तोपर्यंत दहशतवादाच्या कलमाखाली तेरा वर्षांची शिक्षा झालेली होती आणि ते मणक्याच्या ऑपरेशनसाठी लंडनला गेलेले होते. म्हणजे पाय सीमेपलीकडे. पुन्हा तोच पहिला नियम.

जाता जाता, एम्बसीतला आश्रय आम्ही मानत नाही हे भारताने १९६७ मध्येच दिल्लीतल्या परदेशी वकिलातींना लेखी कळवलेलं आहे. त्याच वर्षी स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीतल्या अमेरिकन एम्बसीत चालत गेली होती आणि आपल्याला त्याचा बराच मनस्ताप झाला होता. पण नोव्हेंबर १९५० मध्ये नेपाळचे राजे त्रिभुवन राणांच्या (खरी सत्ता हातात असलेल्या पंतप्रधान घराण्याच्या) कचाट्यातून सुटून सहकुटुंब काठमांडूच्या भारतीय एम्बसीत आले तेव्हा आपण त्यांना ठेवून घेतलं आणि काही दिवसांत विमानाने दिल्लीला पण आणलं. एक नातू मागे राहिला, तीन वर्षांचा ज्ञानेंद्र, राणांनी त्यालाच गादीवर बसवलं. तत्त्व वगैरे ठीक आहे, शेजारी कोण आणि वेळ कुठली यावर सगळं ठरतं. कुठलाही देश घ्या, हेच दिसेल.

गुन्हा राजकीय आहे हे कोण ठरवणार

हा कळीचा मुद्दा. सरकार म्हणतं हा चोर आहे, आश्रय देणारा म्हणतो हा राजकीय बळी आहे, आणि दोघांकडे कागद असतात. यावर खूप लांबलेलं एक भांडण झालं पेरू आणि कोलंबियामध्ये, आणि तेही त्रिभुवनांच्याच काळात.

व्हिक्टर राउल आया दे ला तोर्रे, पेरूच्या आप्रा पक्षाचे नेते. ३ ऑक्टोबर १९४८ ला कायाओ बंदरात उठाव झाला, फसला, सरकारने आप्रावर ठपका ठेवून पक्षावर बंदी घातली, त्याच महिन्यात लष्कराने सत्ता घेतली, आणि लपतछपत शेवटी ३ जानेवारी १९४९ ला आया राजधानी लिमामधल्या कोलंबियाच्या एम्बसीत शिरले. कोलंबियाने दुसऱ्याच दिवशी सेफ कंडक्ट मागितला. पेरू म्हणालं, विसरा. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि २० नोव्हेंबर १९५० ला निकाल लागला. कोर्टाने सांगितलं की गुन्हा राजकीय आहे हे कोलंबियाने एकट्याने ठरवायचं आणि पेरूने मान डोलवायची असा काही नियम नाही. वर असंही की १९२८ च्या हवाना करारात आश्रय फक्त तातडीच्या प्रसंगासाठी आहे, आणि उठावानंतर तीन महिन्यांनी आलेल्याची कसली तातडी?

पेरू खूश, म्हणालं द्या मग ताब्यात. परत कोर्ट. १३ जून १९५१ ला कोर्ट म्हणतं, आश्रय चुकीचा दिला हे खरं, तो संपायला पाहिजे हेही खरं, पण माणूस पेरूच्या हवाली करायला कोलंबिया बांधील नाही, तुमचं तुम्ही बसून काय ते मिटवा. आता बोला! चुकीचा आहे पण देऊ नका. दोन्ही देश जिथल्या तिथे आणि आया त्याच घरात, एप्रिल १९५४ पर्यंत, सव्वापाच वर्षं. शेवटी दोघांनी आपसात बोलूनच सोडवलं.

ते बाहेर पडायच्या काही दिवस आधी, २८ मार्च १९५४ ला, लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी कॅराकसमध्ये नवा करार केला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की गुन्ह्याचं स्वरूप आश्रय देणारा देशच ठरवेल. हे चौथं कलम. प्रश्न सुटला? कसला सुटतोय. त्याच्या वरचंच तिसरं कलम म्हणतं की साध्या फौजदारी गुन्ह्यात खटला चालू असलेल्याला किंवा शिक्षा झालेल्याला आश्रय देऊ नये. म्हणजे तुम्हाला हवं ते कलम उचला.

२०२४ मध्ये इक्वाडोर आणि मेक्सिकोने नेमकं तेच केलं. इक्वाडोरचे माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास, भ्रष्टाचारात दोनदा शिक्षा झालेले, वर नवीन चौकशी चालू, डिसेंबर २०२३ पासून क्विटोमधल्या मेक्सिकन एम्बसीत मुक्कामाला. इक्वाडोर तिसऱ्या कलमावर बोट ठेवून, मेक्सिको चौथ्या. त्यात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्रादोर इक्वाडोरच्या निवडणुकीबद्दल काहीतरी बोलून गेले, तर इक्वाडोरने त्यांच्या राजदूत बाईंना देश सोडायला सांगितलं, मेक्सिकोने ५ एप्रिलला आश्रय जाहीर केला, आणि त्याच रात्री इक्वाडोरचे पोलीस भिंतीवरून उड्या मारून एम्बसीत घुसले आणि ग्लासना उचलून घेऊन गेले. राजनैतिक जगात याहून मोठं पाप नाही. इक्वाडोरची बाजू कितीही खरी असली तरी भिंत ओलांडली त्या क्षणी ते हरले, असं माझं मत, कारण त्यानंतर ग्लासच्या भ्रष्टाचाराबद्दल कोणी बोलेना, सगळे भिंतीबद्दलच बोलत होते. मेक्सिकोने संबंध तोडले, दोघांनी एकमेकांवर हेगमध्ये केस टाकली. पण ग्लास? तुरुंगात. माणूस ज्याच्या हातात, त्याला घाई नाही.

नाही म्हणणं पण असतं

सगळ्यांना आश्रय मिळतोच असं नाही, आणि नाही म्हणताना काय कारण दिलं ते जपून ठेवायचं. पेरूचेच माजी राष्ट्राध्यक्ष अलान गार्सिया, आयांच्याच पक्षातले. १९९२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी संसद बरखास्त केली तेव्हा त्यांना कोलंबियानेच आश्रय दिला होता. २०१८ मध्ये लाचखोरीच्या चौकशीत देश सोडायला बंदी आली तर ते लिमातल्या उरुग्वेच्या राजदूतांच्या घरी जाऊन राहिले. उरुग्वेने सोळा दिवस विचार केला आणि नाही म्हणाले, कारण पेरूमध्ये कोर्ट, संसद, सरकार तिन्ही आपापलं काम मोकळेपणाने करतायत, छळ वगैरे दिसत नाही. तोच माणूस, तेच शहर, पहिल्यांदा हो आणि दुसऱ्यांदा नाही. म्हणून नेत्याचं नाव बघून अंदाज बांधू नका, त्या वर्षी त्या देशातली कोर्टं कोणाच्या खिशात आहेत ते बघा.

भांडण किती तापलंय याचा थर्मामीटर

सरकारी भाषा पहिल्यांदा वाचली तर सगळी सारखीच वाटते, पण त्यात पायऱ्या असतात. "दखल घेतली" म्हणजे काही करणार नाही. "चिंता व्यक्त केली" म्हणजे अजून फोन चालू आहेत. राजदूताला पाचारण केलं म्हणजे बोलावून चार शब्द सुनावले, वाटतं तेवढं मोठं नसतं. आपला राजदूत "चर्चेसाठी" परत बोलावला हे जरा जड. पर्सोना नॉन ग्राटा, म्हणजे तुमचा हा माणूस आम्हाला नको, कारणसुद्धा सांगावं लागत नाही. आणि शेवटी संबंध तोडणं. पेरूने ३ नोव्हेंबर २०२५ ला मेक्सिकोशी तोडले, कारण मेक्सिकोने माजी पंतप्रधान बेत्सी चावेझना लिमातल्या एम्बसीत आश्रय दिला. संबंध तोडले तरी कोणीतरी तिसरा देश मधे राहून कामं बघतो, मेक्सिको-इक्वाडोरच्या वेळी दोघांसाठीही स्वित्झर्लंड.

आता हसीना करून बघू

पाय: भारतात. ५ ऑगस्ट २०२४ ला गाझियाबादच्या हिंडन विमानतळावर उतरल्या. म्हणजे एम्बसी, सेफ कंडक्ट हे सगळं बाद, इथे प्रश्न प्रत्यार्पणाचा.

शब्द: परराष्ट्रमंत्री संसदेत म्हणाले की त्यांनी अगदी ऐनवेळी, तूर्तास भारतात येण्याची परवानगी मागितली. "तूर्तास" हा शब्द अधोरेखित करा. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही, त्यामुळे "असायलम दिला" असा कागद शोधायला जाऊ नका.

करार: भारत-बांगलादेश प्रत्यार्पण करार २०१३ चा. ईशान्येतले बंडखोर बांगलादेशात लपायचे ते मिळावेत म्हणून तो मुख्यतः आपल्यालाच हवा होता, आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेचा अनुप चेतिया १९९७ मध्ये ढाक्यात पकडला गेला, तिथे आश्रयासाठी अर्ज करत बसला आणि आपल्या हातात यायला २०१५ उजाडलं. २०१६ मध्ये करार अजून सोपा केला, पुरावे जोडायची गरज नाही, कोर्टाचं वॉरंट पुरे. तोच करार आता ढाका आपल्यापुढे धरतोय. २३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी लेखी मागणी पाठवली, मिळाली एवढंच दिल्लीने तेव्हा सांगितलं.

कलम: सहावं कलम राजकीय गुन्ह्यात नकार द्यायला देतं, पण खून वगैरे गुन्हे राजकीय धरायचे नाहीत असं पुढेच लिहिलंय, आणि हसीनांवरचे आरोप तर आंदोलकांना मारल्याचेच आहेत. त्यामुळे "राजकीय सूड आहे" एवढ्यावर भागत नाही. आठवं कलम जास्त उपयोगी, आरोप न्यायाच्या हेतूने, प्रामाणिकपणे केलेला नसेल तर नकार देता येतो. १७ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्याच्या न्यायाधिकरणाने त्या हजर नसताना फाशी सुनावली. भारताने काय केलं? निकालाची दखल घेतली. थर्मामीटरवर ही कुठली पायरी ते वर लिहिलंय.

कलम का बघायचं, तर स्पेनपासून कॅटलोनिया वेगळा करू पाहणारे नेते पुजदेमॉन यांचं बघा. २०१८ मध्ये जर्मनीत पकडले गेले, जर्मन कोर्ट म्हणालं सरकारी पैशाच्या गैरवापरासाठी देऊ पण बंडाच्या आरोपासाठी नाही, आणि ज्या कलमाखाली मिळाला त्याच्या बाहेर खटला चालवता येत नसल्यामुळे स्पेनने मागणीच मागे घेतली. हातात आलेला माणूस सोडून दिला, एका कलमापायी.

वहीत एवढं लिहून ठेवा

मी प्रत्येक केसला पाच रकाने करतो: आत शिरल्याची किंवा उतरल्याची तारीख, पाय कुठे, आश्रय देणाऱ्याने वापरलेला नेमका शब्द, मागणाऱ्याने लावलेलं कलम, आणि बाहेर पडल्याची तारीख. नशीदच्या ओळीत अकरा दिवस, गार्सियाच्या सोळा, आयांच्या सव्वापाच वर्षं. हसीनांच्या ओळीतला शेवटचा रकाना मोकळाच ठेवलाय. पेन्सिलने लिहा मात्र, पेनने नको, या पाहुण्यांचं काही सांगता येत नाही. त्या १९७५ पासून १९८१ पर्यंत दिल्लीतच राहून गेलेल्या आहेत, आणि तेव्हा परत गेल्यावर पंतप्रधान झाल्या होत्या.